एकोणचाळीस किलोमीटरवरून पडणारा माणूस: हवेच्या रोधाचा एक प्रकरण अभ्यास

घटना आणि तिची आकडेवारी

१४ ऑक्टोबर २०१२ रोजी भर दुपारी, अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या पूर्व भागावर, हीलियमच्या एका अजस्र फुग्याला टांगलेल्या कुपीचे दार उघडून ऑस्ट्रियाचे फेलिक्स बाउमगार्टनर बाहेरच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःला खाली सोडून दिले. भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. थेट प्रक्षेपणासाठी जागे राहिलेल्यांना पडद्यावर बराच वेळ एक पांढरा ठिपका तेवढा दिसत होता, आणि त्या ठिपक्याकडे पाहून त्याचा वेग वाढतो आहे की कमी होतो आहे हे कोणालाही सांगता आले नसते. या लेखाचा विषय नेमका तोच आहे: त्या ठिपक्याचा वेग कधी वाढत होता, कधी कमी होत होता, आणि दोन्ही वेळा हवा काय करत होती.

उडीनंतर जाहीर झालेले अधिकृत आकडे असे आहेत. उडीची उंची समुद्रसपाटीपासून ३८,९६९ मीटर होती. पॅराशूट उघडेपर्यंत बाउमगार्टनर ३६,४०२ मीटर खाली आले आणि त्याला ४ मिनिटे २० सेकंदे लागली. सर्वाधिक वेग ताशी १,३५७.६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३७७ मीटर इतका भरला. या दोन टोकांच्या मधल्या तीन नोंदी अभ्यासासाठी अधिक मोलाच्या आहेत. उडीनंतर ३४ व्या सेकंदाला, ३३,४४६ मीटर उंचीवर, त्यांनी ध्वनीचा वेग ओलांडला. ५० व्या सेकंदाला, २७,८३३ मीटर उंचीवर, त्यांचा वेग शिखरावर पोहोचला. आणि ६४ व्या सेकंदाला, २२,९६१ मीटर उंचीवर, ते पुन्हा ध्वनीच्या वेगाच्या खाली आले. पन्नासाव्या आणि चौसष्टाव्या सेकंदांच्या मध्ये त्यांनी पॅराशूट उघडले नव्हते, वेग रोखण्याचे दुसरे कोणतेही साधन वापरले नव्हते, आणि तरीही त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ८० मीटरने उतरला. उंचावरून सोडलेली वस्तू खाली येता येता वेगवान होत जाते, या आपल्या अंगवळणी पडलेल्या समजुतीला ही चौदा सेकंदे सरळ छेद देतात.

दुसरे कोडे जुन्या विक्रमाशी तुलना केली की पुढे येते. अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंजर यांनी १६ ऑगस्ट १९६० रोजी, याच न्यू मेक्सिकोच्या आकाशात, सुमारे ३१,३०० मीटरवरून उडी मारली होती. बाउमगार्टनर यांची उडी त्यापेक्षा साडेसात किलोमीटरांहून अधिक उंचीवरून होती, त्यामुळे त्यांना खाली यायला जास्त वेळ लागायला हवा होता. प्रत्यक्षात किटिंजर यांच्या पडण्याचा काळ ४ मिनिटे ३६ सेकंदे, म्हणजे १६ सेकंदांनी अधिक आहे. या कोड्याकडे शेवटी येऊ.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्दांचा खुलासा आवश्यक वाटतो, कारण शालेय मराठीत हे शब्द वेगळ्या अर्थाने रुळलेले आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकात 'मुक्त पतन' म्हणजे केवळ गुरुत्वीय बलाच्या प्रभावाखाली होणारी गती; त्या व्याख्येनुसार हवेतले कोणतेही पडणे काटेकोरपणे मुक्त पतन ठरत नाही. पॅराशूट वापरणाऱ्यांच्या बोलीत मात्र पॅराशूट उघडण्यापूर्वीचे सगळे पडणे मुक्त पतनच असते, आणि विक्रमांच्या नोंदींतही शब्द याच अर्थाने येतो. दुसरा शब्द 'अंत्य वेग'. गतीच्या समीकरणांत 'अंतिम वेग' म्हणजे विचारात घेतलेल्या कालावधीच्या शेवटी असलेला वेग. येथे ज्याची चर्चा आहे तो हवेच्या रोधाचे बल आणि वस्तूचे वजन सारखे झाल्यावर येणारा वेग आहे, म्हणून गोंधळ टाळण्यासाठी मी त्याला सर्वत्र अंत्य वेग म्हणतो.

हवा विरळ होती, पण होती

प्रमाण वातावरणाच्या, म्हणजे प्रत्येक उंचीवरची सरासरी हवा दाखवणाऱ्या, कोष्टकांनुसार ३९ किलोमीटर उंचीवर हवेची घनता दर घनमीटरला साडेचार ग्रॅमच्या थोडी वर असते. समुद्रसपाटीला ती १,२२५ ग्रॅम असते. म्हणजे बाउमगार्टनर यांच्या पायरीभोवतीची हवा आपल्या नेहमीच्या हवेपेक्षा सुमारे २६० पट विरळ होती. फुगा याच्या फार वर जाऊ शकत नाही याचे कारणही हेच विरळपण आहे, कारण फुग्याला उचलून धरणारी हवाच तेथे संपत आलेली असते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आपल्या हैदराबाद येथील केंद्रातून शास्त्रीय उपकरणांचे जे मोठे फुगे सोडते, तेही साधारण याच थरापर्यंत चढतात आणि त्यांची उपकरणेही शेवटी पॅराशूटनेच उतरतात.

इतक्या विरळ हवेत पहिली सेकंदे कशी गेली हे पाहण्यासाठी हवा नाहीच असे धरून केलेले गणित शेजारी ठेवू. त्या उंचीवर गुरुत्वीय त्वरण जमिनीपेक्षा किंचित कमी, सुमारे ९.७ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. निर्वातात ३४ सेकंदांत वस्तू सुमारे ५,६०० मीटर पडली असती. बाउमगार्टनर ५,५२३ मीटर पडले. फरक ऐंशी मीटरांच्या आसपासचा आहे, म्हणजे दीड टक्का. पन्नासाव्या सेकंदापर्यंत मात्र निर्वातातली वस्तू १२,१०० मीटरांच्या पुढे गेली असती आणि तिचा वेग सेकंदाला ४८५ मीटर झाला असता. प्रत्यक्षात ते ११,१३६ मीटर पडले होते आणि वेग ३७७ मीटर होता. पहिल्या चौतीस सेकंदांत ज्या हवेने जेमतेम ऐंशी मीटर मागे खेचले, तिनेच पुढच्या सोळा सेकंदांत जवळजवळ आणखी नऊशे मीटरांची तूट पाडली.

या झपाट्याचे कारण रोधाच्या सूत्रात आहे. पडणाऱ्या मोठ्या वस्तूवरचे रोधाचे बल हे हवेची घनता, वेगाचा वर्ग, वस्तूचे हवेला समोरे जाणारे क्षेत्रफळ आणि तिच्या आकारावर अवलंबून असणारा रोध गुणांक, या चारांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. पडताना यातल्या दोन गोष्टी एकाच वेळी वाढत होत्या. वेग वाढत होता आणि तो वर्गाने मोजला जात होता. शिवाय प्रत्येक किलोमीटरागणिक हवा दाट होत होती, कारण या थरांत साधारण पाच किलोमीटर खाली आले की घनता दुप्पट होते. दुपटीवर दुप्पट चढत गेल्यासारखा हा प्रकार आहे.

हे आकड्यांत मांडण्यासाठी एक सोपी युक्ती वापरता येते. वेग शिखरावर असण्याचा अर्थच असा की त्या क्षणी त्वरण शून्य आहे, म्हणजे रोध आणि वजन तंतोतंत सारखे आहेत. बाउमगार्टनर आणि त्यांचा पोशाख, पॅराशूट, प्राणवायूच्या नळ्या हे सगळे धरून वस्तुमान सुमारे ११८ किलो होते, तेव्हा वजन साधारण १,१५० न्यूटन. २७,८३३ मीटरवर प्रमाण वातावरणात घनता दर घनमीटरला सुमारे २६ ग्रॅम असते. वेग ३७७ मीटर ठाऊक आहे. सूत्रात हे सगळे भरले की क्षेत्रफळ आणि रोध गुणांक यांचा गुणाकार सुमारे ०.६३ चौरस मीटर येतो. घराच्या नेहमीच्या दाराच्या एक तृतीयांश भागाएवढे हे परिणामी क्षेत्रफळ होते असे समजावे. हा माझा ढोबळ हिशेब आहे. तो प्रत्यक्ष दिवसाच्या हवामानावरून काढलेला नसून कोष्टकातल्या सरासरी वातावरणावरून काढलेला आहे, पण त्याच्या आधारे पडण्याची संपूर्ण कहाणी चांगली उलगडते.

तोच आकडा घेऊन मागे गेलो तर, दहाव्या सेकंदाला, वेग सेकंदाला ९७ मीटर असताना, रोध वजनाच्या सव्वा टक्क्याएवढाच होता. विसाव्या सेकंदाला तो सहा टक्क्यांच्या आसपास आला. चौतिसाव्या सेकंदाला, ध्वनीचा वेग ओलांडला जात असताना, तो वजनाच्या पाव भागाच्या पुढे गेलेला होता. आणि त्यानंतर सोळा सेकंदांत तो पूर्ण वजनाएवढा झाला.

पन्नासाव्या सेकंदानंतर

येथपर्यंतचे वर्णन अंत्य वेगाच्या नेहमीच्या स्पष्टीकरणाशी जुळते: वस्तू वेग घेते, रोध वाढतो, रोध वजनाएवढा होतो, त्वरण संपते. पुस्तकात यापुढचे वाक्य असे असते की यानंतर वस्तू स्थिर वेगाने पडत राहते. पावसाच्या थेंबाच्या बाबतीत ते खरे मानायला हरकत नाही. मोठा थेंब काही सेकंदांत सेकंदाला नऊ मीटरांच्या आसपास स्थिरावतो आणि त्याच वेगाने आपल्या छत्रीवर येतो. हवा नसती तर दोन किलोमीटरवरच्या ढगातून निघालेला तोच थेंब सेकंदाला दोनशे मीटर वेगाने आपटला असता. थेंबाच्या प्रवासात हवेची घनता फारशी बदलत नाही, म्हणून 'स्थिर' हा शब्द तेथे शोभतो. बाउमगार्टनर यांच्या प्रवासात मात्र तीच घनता दोनशेहून अधिक पट बदलत होती.

अंत्य वेग ही वस्तूच्या अंगची संख्या आहे, अशी समजूत मला अनेक विद्यार्थ्यांत आणि काही शिक्षकांतही आढळली आहे. माणसाचा अंत्य वेग ताशी दोनशे किलोमीटर, असे ते पाठ म्हणून सांगतात. या प्रकरणातले ०.६३ चौरस मीटर आणि ११८ किलो हे दोन आकडे पक्के धरून वेगवेगळ्या उंचीवर अंत्य वेग काढला की ती समजूत टिकत नाही. ३९ किलोमीटरवर तो ताशी ३,२०० किलोमीटरांच्या घरात येतो, ३० किलोमीटरवर १,६००, २० किलोमीटरवर ७३०, दहावर, म्हणजे प्रवासी विमाने उडतात त्या थरात, सुमारे ३४०, पाचवर २५०, आणि समुद्रसपाटीला अखेर तो परिचित दोनशेचा आकडा. माणूस तोच, पोशाख तोच, आणि मर्यादा सोळापट खाली येते. घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात ती बदलते, एवढेच तिचे गणित आहे.

आता पन्नासाव्या सेकंदाला काय घडले ते नीट पाहता येते. वरून येणारा बाउमगार्टनर यांचा वेग चढत होता आणि अंत्य वेगाची मर्यादा त्याच वेळी उतरत होती, २७.८ किलोमीटरवर दोहोंची गाठ पडली. त्यानंतर ते जसजसे खाली जात होते तसतशी मर्यादा त्यांच्या वेगाच्या खाली सरकत होती, आणि मर्यादेपेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या वस्तूवर रोध वजनापेक्षा अधिक असतो. म्हणजे निव्वळ बल वरच्या दिशेने होते. माणूस खाली पडतो आहे, पण त्याचे त्वरण वर आहे: लिफ्ट खालच्या मजल्यावर थांबण्यापूर्वी आपल्याला जड वाटते तीच ही स्थिती. पन्नास ते चौसष्ट या चौदा सेकंदांत वेग सेकंदाला ३७७ मीटरवरून २९७ पर्यंत आला, म्हणजे मंदन सरासरी ५.७ मीटर प्रति सेकंद वर्ग झाले. याचा अर्थ त्या काळात हवा त्यांच्या शरीरावर सरासरी त्यांच्या वजनाच्या सुमारे १.६ पट बलाने वर दाबत होती.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. विक्रमी वेगाच्या त्या क्षणी, ताशी १,३५७ किलोमीटरला, त्यांच्यावर हवेचा जेवढा जोर होता, तेवढाच जोर तो माणूस त्याच पोशाखात समुद्रसपाटीजवळ ताशी दोनशे किलोमीटरने पडताना अनुभवील. दोन्ही ठिकाणी तो त्याच्या वजनाएवढाच असणार. वेगाचा आकडा आणि वाऱ्याचा मारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या उडीतला वाऱ्याचा सर्वाधिक मारा सर्वाधिक वेगाच्या क्षणी नव्हताच, तो त्यानंतर, वेग घटत असताना होता.

बाउमगार्टनर यांच्या जिवावर बेतू शकले असते ते फिरणेही याच विरळपणाशी निगडित आहे. कसलेला उडीबाज हात, पाय आणि खांदे किंचित वळवून हवेच्या झोतात स्वतःला सावरतो. त्यासाठी झोतात जोर असावा लागतो. पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत तो जोर वजनाच्या काही टक्क्यांपलीकडे नव्हता, त्यामुळे पायरीवरून निघताना शरीराला जी काही थोडी वळणाची गती मिळाली असेल ती मोडायला हातांना काही सापडणारच नव्हते. पुढे वेग शिखराच्या आसपास असताना ते आडवे होऊन भोवऱ्यासारखे फिरू लागले. आतून हवा भरलेला पोशाख ताठ असल्यामुळे हालचालीही मर्यादित होत्या. सतत सहा सेकंदे गुरुत्वाच्या साडेतीन पट बल जाणवले तर एक छोटी ओढछत्री, जिला या क्षेत्रातले लोक ड्रोग म्हणतात, आपोआप उघडेल अशी योजना त्यांच्या अंगावर होती. ती वापरावी लागली नाही. हवा दाट होत गेली तशी त्यांच्या हातापायांना पकड मिळाली आणि त्यांनी फिरणे थांबवले. विरळ हवेने जो ताबा दिला नव्हता तो दाट हवेने परत केला, असे म्हणता येईल.

ध्वनीच्या वेगाविषयी थोडे सांगायला हवे, कारण वृत्तपत्रांनी त्याचाच गाजावाजा अधिक केला. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. २८ किलोमीटरवर उणे पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत तो सेकंदाला सुमारे ३०० मीटर असतो, जमिनीवर तो ३४० च्या आसपास असतो. म्हणून ३७७ मीटरचा वेग तेथे ध्वनीच्या सव्वापट ठरला. ध्वनीच्या वेगाजवळ गुळगुळीत वस्तूंचा रोध गुणांक झपाट्याने वाढतो हे विमानांच्या अनुभवातून चांगले ठाऊक आहे, आणि माणसाच्या बाबतीतही तसेच होईल अशी अपेक्षा होती. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी या उडीच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये दाखवून दिले की वळ्या, खिसे, पिशव्या आणि नळ्या असलेल्या ओबडधोबड शरीराचा रोध तेथे फारसा वाढला नाही. ०.६३ हा एकच आकडा मी सर्वत्र बेधडक वापरतो आहे, त्याला या निष्कर्षाचा थोडा आधार मिळतो.

तो आकडा कोठे अपुरा पडतो हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. चौसष्टाव्या सेकंदानंतर उरलेले २०.४ किलोमीटर अंतर उतरत्या अंत्य वेगाच्या आधाराने मोजले तर साधारण १८० सेकंदे लागायला हवीत. प्रत्यक्षात १९६ लागली. म्हणजे खालच्या थरांत ते माझ्या हिशेबापेक्षा हळू पडले. याचे उघड कारण असे दिसते की परिणामी क्षेत्रफळ स्थिर नव्हते. वेगाच्या शिखरावरची शरीराची ठेवण वेगळी आणि सावरल्यानंतर हातपाय पसरून पोटावर पडतानाची ठेवण वेगळी. दुसऱ्या ठेवणीत समोरचे क्षेत्रफळ वाढते आणि वेग घटतो. प्रश्नपत्रिकेतल्या गोळ्याला अशी ठेवण नसते.

वेळेची वाटणीही पाहण्यासारखी आहे. पहिले सोळा किलोमीटर ६४ सेकंदांत संपले आणि उरलेल्या वीस किलोमीटरांना त्याच्या तिप्पट वेळ लागला. निर्वातात संपूर्ण ३६.४ किलोमीटर सुमारे ८६ सेकंदांत पार पडले असते आणि पॅराशूट उघडण्याच्या ठिकाणी वेग ताशी तीन हजार किलोमीटर झाला असता. त्याऐवजी तो तेथे ताशी सव्वादोनशेच्या खालीच होता. मधल्या काळात गुरुत्वाने दिलेली ऊर्जा, सुमारे सव्वाचार कोटी ज्यूल, जवळजवळ सगळी हवेत घुसळण आणि उष्णता होऊन विरली. विजेच्या बिलाच्या भाषेत ती साडेअकरा युनिट भरते. एका माणसाला आकाशातून खाली आणण्याचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या दोन-तीन दिवसांच्या विजेएवढा असावा, हे मला प्रथम हिशेब केला तेव्हा अगदीच किरकोळ वाटले होते.

किटिंजर यांची सोळा सेकंदे

आता मागे ठेवलेल्या कोड्याकडे वळू. जोसेफ किटिंजर यांच्या १९६० च्या उडीत आणि बाउमगार्टनर यांच्या उडीत निर्णायक फरक उंचीचा नव्हता. किटिंजर यांच्या पाठीशी सुमारे १.८ मीटर व्यासाची ओढछत्री होती आणि ती उडीनंतर थोड्याच सेकंदांत उघडली. तिचा हेतू वेग कमी करणे हा नव्हता, शरीराला सरळ ठेवणे हा होता. त्याची गरज किती होती हे नोव्हेंबर १९५९ मधल्या त्यांच्या पहिल्या उडीने दाखवून दिले होते. ती छत्री नीट न उघडता तिची दोरी त्यांच्या मानेभोवती गुंडाळली गेली, शरीर मिनिटाला सुमारे १२० फेऱ्या घेऊ लागले, ते बेशुद्ध झाले, आणि आपोआप उघडणाऱ्या पॅराशूटने त्यांना वाचवले.

छत्री शरीराला स्थिर ठेवते, पण हवेला समोरे जाणारे क्षेत्रफळही वाढवते. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळच अडीच चौरस मीटरांच्या पुढे जाते. तिचा रोध गुणांक ०.५ धरला तरी परिणामी क्षेत्रफळात सव्वा चौरस मीटरांहून अधिक भर पडते, म्हणजे एकूण आकडा एकट्या शरीराच्या तिपटीच्या आसपास जातो. अंत्य वेग क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे, वजन तेवढेच धरले तर, तो पावणेदोन पटींनी खाली येतो. किटिंजर यांचा सर्वाधिक वेग ताशी ९८८ किलोमीटर नोंदवला गेला आणि साडेपाच हजार मीटरांच्या आसपास मुख्य पॅराशूट उघडेपर्यंत त्यांचा सरासरी वेग सेकंदाला ९४ मीटर पडला. बाउमगार्टनर यांची सरासरी १४० मीटर आहे. उंचीतला साडेसात किलोमीटरांचा फरक वेळेच्या हिशेबात जवळजवळ नगण्य ठरतो, कारण बाउमगार्टनर यांनी वरचे ते साडेसात किलोमीटर पहिल्या चाळीस सेकंदांतच मागे टाकले होते.

विक्रमांची नोंद ठेवणाऱ्यांनी हा फरक ओळखून ओढछत्रीसह आणि ओढछत्रीविना असे दोन वेगळे वर्ग केले आहेत. म्हणूनच ओढछत्रीविना पडण्याच्या अंतराचा विक्रम २०१२ पर्यंत किटिंजर यांच्या नावावर नव्हता. तो सोव्हिएत संघाचे येवगेनी आंद्रेयेव यांच्या नावावर होता, जे १ नोव्हेंबर १९६२ रोजी २४,५०० मीटर कोणत्याही छत्रीशिवाय पडले होते. आणि २४ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेचे ॲलन युस्टेस यांनी बाउमगार्टनर यांच्याही वर, ४१,४१९ मीटरवर जाऊन उडी घेतली, तेव्हा उंचीचा विक्रम मोडला पण वेगाचा मोडला नाही. त्यांच्यासोबत सुरुवातीपासून ओढछत्री होती. जवळजवळ अडीच किलोमीटर अधिक उंचीवरून निघूनही त्यांचा वेग ताशी सुमारे १,३२० किलोमीटरांपर्यंतच गेला, आणि त्यांना ४ मिनिटे २७ सेकंदे लागली. बाउमगार्टनर यांच्यासारखे फिरणे मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

किटिंजर २०१२ मध्ये जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात बसून बाउमगार्टनर यांच्याशी रेडिओवर बोलत होते, आणि त्यांचा पडण्याच्या कालावधीचा आकडा त्या दिवशी अबाधित राहिला. तो मोडायचा असता तर काय करावे लागले असते, हेही अंत्य वेग सांगतो. पॅराशूट उघडले तेव्हा बाउमगार्टनर जमिनीपासून सव्वा ते दीड किलोमीटर वर होते आणि सेकंदाला साठ मीटरांच्या आसपास वेगाने येत होते. आणखी सोळा सेकंदे थांबले असते तर ते जवळजवळ एक किलोमीटर आणखी खाली आले असते, आणि पॅराशूट उघडायला त्यांच्यापाशी तीनशे ते पाचशे मीटर, म्हणजे पाच ते आठ सेकंदे उरली असती.